मलम निजतं तवर

वरची वाडी, मढच्या पुढे,
मार्गशीर्षातला गुरुवार

पहिला आला तो सावळेराम, बाई. पावणं अजून ओढ्याशी गाडी लावून चढण चढत होते, तर हा त्यांच्या आधी आपल्या ओट्यावर हजर, आणि वर मलाच विचारतो, "कोन येतंय गं काकी?" जसं काही त्यानं वरच्या बांधावरून बघितलंच नव्हतं. पण थांबा. पत्रात आधी नमस्कार घालायचा असतो आणि मी सावळेरामापासूनच सुरुवात केली. आता खोडत नाही, वही नातीची, नूतनची आहे. तर थोरल्या जाऊबाई अंजनाबाई यांच्या पायांवर, टाचांच्या भेगांसकट, धाकट्या कोंडाबाईनं डोकं ठेवलंय असं समजावं. इकडं सगळी खुशाल. म्हस आटली, पण शेळीला दोन करडं झाली. तुम्ही परसात लावलेल्या शेवग्याला औंदा एवढ्या शेंगा की अर्ध्या वाडीला वाटल्या आणि तरी मला शेवग्याचा कंटाळा आला. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या लेकाच्या, दादाभाऊच्या त्या इमारतीला अजून लिफ्ट बसली नाही म्हणतात. गुडघ्याला चढण सोसत नाही म्हणून वाडी सोडली आणि मंचरला जाऊन तिसऱ्या मजल्यावर बसलात, हे मी इथं कुणाला सांगितलं की लोक हसतात. मी हसत नाही.

रुपाली, हे पत्र तूच सासूला वाचून दाखवणार, म्हणून तुला एक सांगून ठेवते. नूतननं मला ह्या अशा अर्ध्या बांगड्या काढायला शिकवल्या आहेत. दोन अर्ध्या बांगड्यांच्या मधे जे लिहिलं असेल ते तुझ्यापुरतं. ते मनात वाचायचं, बाईंना ऐकवायचं नाही. (अशा. दिसली का? बाई नेमानं जेवतात का गं? इथं असताना शेवटची भाकरी मला वाढून स्वतःला भूक नाही म्हणायच्या. तसं काही म्हणाल्या तर विश्वास ठेवू नकोस.)

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. फोन करून बघितला की! वाडीत रेंज येते ती फक्त सावळेरामाच्या गोठ्यामागच्या खडकावर. तिथं वाऱ्यात पदर सावरत मी तुम्हाला सगळं सांगते, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, कुणाची म्हस ओढ्यात घसरली, आणि पलीकडून तुमचा हुंकारसुद्धा नाही. मला वाटतं रेंज गेली, म्हणून मी हॅलो हॅलो करत खडकाच्या टोकापर्यंत जाते, आणि तेव्हा कुठं तुम्ही म्हणता, "हाय मी. ठिवते." तुमच्या भाचीच्या लग्नाला आपण खोडदला गेलो होतो तेव्हा तिथल्या दुर्बिणीच्या त्या थोरल्या लोखंडी ताटल्या बघितल्या होत्या, आठवतं? आभाळाकडं तोंड करून बसलेल्या. गावातला एक जण म्हणाला होता, त्या वरचं सगळं ऐकतात, आपण मात्र काही बोलत नाहीत. मी तेव्हाच तुमच्याकडं बघितलं होतं. पत्राचं तसं नाही. पत्रात समोरचं माणूस गप्प आहे हे लिहिणाऱ्याला कळतच नाही, त्यामुळं मन भरेस्तोवर बोलता येतं.

विषय मलमाचा आहे. आपल्या सासूच्या, आत्याबाईंच्या, भेगांवरच्या मलमाचा. सासू गेली, सासूचा चुडा तुम्हाला आला, जातं मला आलं, आणि मलम दोघींत मिळून राहिलं. कसं करतात ते तुम्हाला मी काय सांगू, पण रुपालीनं वाचता वाचता शिकावं म्हणून लिहिते. चार वाट्या घाण्याचं खुरासणीचं तेल, त्यात दोन पळ्या करंजाचं, आणि मोहोळाचं मेण किसून वाटीला जरा कमी. तेलाचं पातेलं चुलीवर ठेवायचं नाही, उकळत्या पाण्याच्या टोपात ठेवायचं. मेण विरघळून तेल आरशासारखं नितळ झालं की डब्यांत ओतायचं, डबे भाताच्या पेंढ्यात बसवायचे आणि वरून घोंगडं पांघरायचं. झालं. करायचं ते एवढंच. खरं काम असतं ते न करण्याचं. "मलम निजलंय," आत्याबाई म्हणायच्या, "आता निजतं तवर घरात कुनी बोलायचं न्हाई." आणि आपण दोघी जावा त्या पेंढ्याशेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, न्याहारीपासून ते ओट्यावरचं ऊन अंगणात उतरेपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि बोलल्याशिवाय मला श्वाससुद्धा सरळ घेता यायचा नाही. पहिल्या वर्षी मला घेरीच आली. तुम्ही तेव्हा माझा हात तुमच्या हातात धरून बसलात, आणि पुढं दर वर्षी धरायच्या. (रुपाली, त्या हाताला करंजाचा उग्र वास यायचा आणि मधल्या बोटावर विळ्याचा घट्टा होता. घट्टा अजून आहे का बघ. चाळीस वर्षं, हिवाळ्यातला एक अख्खा दिवस, तो हात माझा होता.)

तर झालं असं. नूतन ओतूरला औषधं बनवायचं शिकते हे तुम्हाला ठाऊक आहे. (आजी म्हणून फुशारकी मारत नाही, पण पांढरा कोट घालून घरी आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही, खुर्ची दिली बसायला. मग कानामागं काजळाचा ठिपका लावला. कोटाला लागला, ती ओरडली.) दिवाळीला आली तेव्हा फळीवरची मलमाची जुनी डबी घेऊन गेली. तुमच्या-माझ्या हातची, तीन हिवाळ्यांपूर्वीची. तिथं तिची मैत्रीण आहे सिद्धी, आपण लग्नकार्याचा गूळ-खोबरं ज्यांच्याकडून आणतो त्या गुलाबचंद शेठची नात. सिद्धीच्या आजी उगमबाई, त्यांच्या टाचा म्हणजे वैशाखातलं भाताचं खाचर. नूतननं मायेनं डबी पुढं केली. उगमबाईंनी विचारलं, यात काय काय आहे? नूतननं मोहोळाचं मेण म्हटल्याबरोबर त्यांनी हात जोडले आणि डबी परत दिली. त्यांच्यात मध चालत नाही आणि मोहोळाचं मेणही नाही, त्यापायी माश्या मरतात म्हणून. मला आधी जरा टोचलं. आपलं मलम कुणी परत केलं नव्हतं आजवर. मग आठवलं, सावळेराम मोहोळ काढतो तेव्हा झाडाखाली काय सडा पडतो ते, आणि बाईमाणसाचं म्हणणं पटलं. आता बिचाऱ्या दोन-दोन मोजे घालून दुकानात बसतात.

पण सिद्धी काय गप्प बसणारी नाही. तिनं कुठून तरी झाडाचं मेण मिळवलं. परदेशातल्या कसल्याशा झाडाच्या पानांवर दुधावर साय धरावी तसं धरतं म्हणे, त्याच्या पिवळ्या कडक खपल्या. त्या खपल्या आणि खुरासणीचं तेल घेऊन ह्या पोरींनी कॉलेजात मलम केलं. आठ दिवसांत ते रडलं. वर बोटभर तेल, खाली गाळ. पुन्हा केलं, पुन्हा रडलं. मग नूतननं आपली ती जुनी डबी त्यांना शिकवणाऱ्या जया मॅडमना दाखवली. तीन वर्षांचं मलम, वास जरासा खवट झालेला, पण उपडं केलं तर पडेना, आणि वर तेलाचा एक थेंब नाही. मॅडम म्हणाल्या, हे ज्यांनी केलं त्यांच्याकडं मला घेऊन चला. बाई, 'ज्यांनी' म्हणाल्या. नूतन माझ्याकडं घेऊन आली, तिची काही चूक नाही, पण ज्यांनी म्हणजे दोघी, आणि त्यातली एक मंचरला.

(रुपाली, आता जरा पाणी पिऊन घे. पुढं तुझ्या सासूच्या जाण्याचं येणार आहे. त्यांच्या तोंडाकडं बघून वाच.)

तुम्ही गेलात त्या वेळचं सांगायला नको, पण सांगते. दोन वर्षांपूर्वी आपण शेवटचं मलम केलं. तुम्हाला मधेच पाणी तापलं का बघायला उठावं लागलं. परत येऊन घोंगडं उचललं तर पहिल्या डबीत मधोमध खड्डा. मी म्हटलं, मनी आली होती. तुम्ही खड्डा बघितला, मनीकडं बघितलं, आणि म्हणालात, "मांजराचं बोट येवढं जाड?" मी म्हटलं, थंडीत मांजरं जाड होतात. तुम्ही म्हणालात, "शपथ घे." मी घेतली. तुम्ही पुढं एक शब्द बोलला नाहीत, मलम निजल्यावरही नाही. चौथ्या दिवशी दादाभाऊ आला आणि तुम्ही गुडघा दाखवायला आठ दिवस म्हणून त्याच्याबरोबर गेलात. ते आठ दिवस अजून चाललेत. मी आपली शपथ खरी दिसावी म्हणून मनीला पोत्यात घालून सावळेरामाकडून दोन ओढ्यांपलीकडं सोडायला लावली. ती तिसऱ्या दिवशी चुलीशी येऊन बसली. मांजराला दोन ओढे ओलांडून घर सापडलं, तुम्हाला दोन एस.टी. बदलून सापडेना.

असो, पावण्यांचं सांगत होते. ते तीनदा आले. पहिल्या खेपेला मी पहाटे उठून ढीगभर कांदेपोहे केले, तर कळलं सिद्धी कांदा खात नाही. (पोहे सावळेरामानं खाल्ले. त्याला हे आधीच ठाऊक होतं असा मला संशय आहे, म्हणून तो पहिला आला.) मॅडम साध्या आहेत, चपला बाहेर काढून चुलीपुढं मांडी घालून बसल्या. सिद्धीनं पिशवीतून हाताच्या पंजाएवढा काटा काढला, खपल्या मोजल्या, तेल मोजलं, तेलात काचेची कांडी बुडवून ऊन किती ते वहीत लिहिलं. माझी वाटी आणि पळी तिनं काट्यावर ठेवली तेव्हा मला लग्नाच्या पोरीला दाखवायला बसवल्यासारखं वाटलं. पण झाडाच्या मेणाचं मलम आरशासारखं नितळ झालं, डब्यांत ओतलं, पेंढ्यात बसवलं, आणि मी त्यांना समजावून सांगायला लागले की आता मुळीच बोलायचं नसतं. का बोलायचं नसतं, कुणी सांगितलं, आत्याबाई कशा होत्या, त्यांच्या माहेरी काय रीत होती, हे सगळं मी उन्हं उतरेपर्यंत सांगितलं. मधे मधे घोंगडं सारून डब्यांत पळी फिरवत होते, हाताला सवय. आठ दिवसांनी नूतननं निरोप आणला: रडलं.

दुसऱ्या खेपेला मॅडमना लवकर जायचं होतं. मी म्हटलं, त्यात काय, आत्ता निजवते. घोंगडं-बिंगडं काही न करता डबे उचलून परसातल्या झऱ्यात ठेवले. तुम्हाला ठाऊक आहे मार्गशीर्षात ते पाणी कसं असतं, दात कडकडतात. मलम लगेच गोठलं, मी टाळ्या वाजवल्या, आणि बघते तो कडेनं सुटलेलं, वरून तडकलेलं आणि मधे नाकपुडीएवढं भोक. सावळेराम दारातून म्हणाला, "झाडाच्या मेनाला निजायची सवय न्हाई, काकी. आमच्या मोहोळाचं मेन बगा, टाकलं की घोरतंय." त्याला राग आलाय, आपल्या मोहोळावाचून मलम व्हायला निघालं म्हणून. तरी तिन्ही खेपांना पहिला तोच. मॅडमनी डब्या बघितल्या, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही पूर्वी करायच्या तस्संच करा. एक गोष्ट बदलू नका." बाई, मी मान डोलवली. एकच गोष्ट बदललेली होती, आणि ती माझ्या हातातली नव्हती.

तिसरी खेप काल झाली. काल मी सगळं रीतसर केलं. घोंगडं दोन दिवस उन्हात घातलं. पेंढा नवा. मलम ओतलं, सहा डब्या बसवल्या, पांघरल्या, आणि सगळ्यांना बाहेर ओट्यावर घालवलं. मग पदर तोंडावरून फिरवून मानेमागं गाठ मारली, लग्नात नवरा-नवरीची मारतात तशी पक्की, आणि आपल्या त्या खांबापाशी बसले. पहिला थोडा वेळ बरा गेला. मग मला एक गोष्ट कळली. शेजारी दुसरं माणूस गप्प बसलेलं असलं तर त्याला गप्प बसणं म्हणतात. एकटीनं बसलं की ते नुसतं रिकामं घर. (रुपाली, हे बाईंना सांगू नकोस. तुमच्याकडं तिसऱ्या मजल्यावर गाड्यांचे आवाज येत असतील, इथं काही येत नाही. शेवग्याचं पान पडलेलं कळतं.) मी खांबाजवळच्या तुमच्या जागेकडं बघितलं आणि पदराआडून बोलायला लागले. म्हस आटल्याचं सांगितलं. करडांचं सांगितलं. नूतनच्या पांढऱ्या कोटाचं सांगितलं. तुम्ही फोनवर ऐकता तसंच त्या जागेनं ऐकलं. आणि कधी हात उठले, कधी घोंगडं बाजूला झालं, मला आठवत नाही. एवढं आठवतं की मलम गोठलं का ते तुम्हाला सांगावं म्हणून मी बोट लावून बघितलं. एका डबीला लावलं आणि दुसरीला नाही असं बरं दिसत नाही, म्हणून सहाही डब्यांना लावलं.

मॅडम आत आल्या. सहा डब्या, सहा खड्डे. "आजी, हे काय?" मी मनीला शोधायला मान वळवली. मनी बाहेर ओट्यावर सिद्धीच्या मांडीवर झोपली होती, सगळ्यांच्या देखत, सकाळपासून.

मला वाटलं मॅडम चिडतील. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी जे सांगितलं त्यानं माझी चाळीस वर्षं गेली. म्हणाल्या, "बोलायला काही हरकत नाही हो आजी. हलवायचं तेवढं नाही." मेण गोठताना तेलात जाळी विणतं म्हणे, कोळी विणतो तशी, डोळ्यांना न दिसणारी, आणि त्या जाळीच्या घराघरात तेल धरून ठेवतं. विणून होईस्तोवर कुणी हलवलं, बोट घातलं, की जाळी फाटते आणि तेल बाहेर येतं. त्याला मलमाचं रडणं म्हणायचं. बोलण्याचा आणि मलमाचा संबंध नाही! मी म्हटलं, मग आमच्या आत्याबाईंनी मला एवढी वर्षं मुकं कशाला बसवलं? तेव्हा सावळेराम शेंगदाण्याचा बकाणा गिळून म्हणाला, "आमची आय तर मलम निजवताना शेजारनीसंगं भांडायची. हा नेम निस्ता तुमच्याच घरात व्हता काकी. आनि तुमी नांदाय आल्या त्या सालापास्नं." त्याच्या आईला आत्याबाईंनी सांगितलं होतं म्हणे, की धाकटी सून हातानं बोलते, तोंड बंद केल्याशिवाय हिचे हात थांबत नाहीत, आणि दुखावेल म्हणून तसं तिला सांगता येत नाही. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. म्हणजे बाई, तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्हाला बोलायला मोकळीक होती. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसायच्या.

आणि मी आपली समजत होते की तुम्ही माझा हात मायेनं धरायच्या. तो दाबून धरलेला होता! (रुपाली, मायेनं होता की दाबून होता हे विचारू नकोस. मी रात्रभर विचार केला, मला दोन्ही चालतं.)

आता सिद्धीकडं एका खेपेपुरत्याच खपल्या राहिल्या आहेत. उगमबाईंनी निरोप धाडलाय की मोजे घालून घालून त्यांना आता तिसरा जोड लागणार आहे. पुढच्या खेपेला जमलं तर मॅडम वाडीतल्या पाच-सहा बायांना मोजमापासकट शिकवणार आहेत, आणि नाही जमलं तर त्या म्हणाल्या, आजी, तुमचे हात बांधू. नूतन म्हणते, मी बसते तुझ्याशेजारी. पोर गुणाची आहे, पण मी काही बोलले की ती हसते, आणि ती हसली की मला आणखी सुचतं. तिथं न हसणारं माणूस पाहिजे.

इतकं पुरे करते. हात दुखायला लागला, तोंड कधी दुखलं नाही. थोरांना नमस्कार, दादाभाऊला आशीर्वाद, आणि त्या तिसऱ्या मजल्याला माझा काहीही नाही.

तुमच्याच घरातली,
कोंडाबाई

ता. क. सोबत कालच्यातली एक डबी पाठवते आहे, तुमच्या टाचांसाठी. मधोमध खड्डा दिसेल. झाकून पाठवता आलं असतं, वरून बोट फिरवलं की सपाट होतं. फिरवलं नाही. आठ दिवस रडणार नाही, पुढचं सांगता येत नाही.

ता. क. दुसरा. रुपाली, हे अर्ध्या बांगड्यांत नाही, मोठ्यानं वाच. बाई, त्या वेळचं बोटही माझंच होतं. मनी आली नव्हती, मनी तेव्हा कोठीत उंदरामागं होती. तुम्ही पाण्याला उठलात तेव्हा तुमचा हात सुटला आणि माझं बोट गेलं. सोबतच्या डबीतला खड्डा घरात जपून ठेवलेल्या त्या जुन्या खड्ड्याशी जुळवून बघायचा असेल तर ती डबी फळीवर आहे, मी कुणाला वापरू दिली नाही. शपथ खोटी घेतली त्याबद्दल देवाचं मी बघून घेईन. तुमचं तुम्ही सांगा. मनीची मी माफी मागितली, तिनं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली, अगदी तुमच्यासारखी.

ता. क. तिसरा. रुपाली, अर्ध्या बांगड्यांतलंच सगळं आधी मोठ्यानं वाचलंस ना? मला ठाऊक होतं. वाचू नको म्हटल्यावर कोण वाचत नाही? म्हणून तर जे ऐकवायचं होतं ते तिथं घातलं.

ता. क. चौथा, आणि हा शेवटचा, कागद संपला. हे पत्र नूतन उद्या कॉलेजात जया मॅडमच्या हातात देईल आणि त्या संध्याकाळी तुमच्याकडं पोचवतील, कारण मॅडम मंचरच्याच आहेत, तुमच्यापासून दोन गल्ल्या. गाडी त्यांची स्वतःची. मागच्या बाकावर काटा आणि खपल्यांची पिशवी असते, ती पायाशी ठेवली की एका माणसाला गुडघा लांब करून बसता येतं. मी काल बसून बघितलं. ओढ्यापासूनच्या चढणीला सावळेराम खुर्ची घेऊन खाली येणार आहे, पोह्यांच्या बोलीवर. मॅडम सकाळी आठला मंचरहून निघणार, वाटेत ओतूरला सिद्धीला घेणार. पावण्यांनी परत यायचं कबूल केलंय ते मंगळवारी.